आषाढातलं पोर्तुगाल

तारीख लावा: जुलै १९५३, आषाढाचा शुद्ध पक्ष. गाव तेच, भूम. पण खव्याच्या भट्ट्यांची वर्दळ दिसत नाही, मोबाइलचे मनोरे गेले आहेत, आणि तहसील कचेरीत कारकुनाच्या पुढ्यात पडलेला कागद तुम्हाला वाचता येत नाही, कारण तो उर्दूत आहे. निजामाचं राज्य जाऊन अजून पाच वर्षंही झालेली नाहीत. जिल्हा उस्मानाबाद, राज्य हैदराबाद, मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्ण राव. महाराष्ट्र नावाचं राज्य नकाशावर यायला अवकाश आहे.

पावसाची तऱ्हा मात्र आजच्यासारखीच. मृग कोरडा, आर्द्रानं तोंड दाखवलं, आणि ढग बालाघाटावरून पाय न टेकवता पुढे निघून गेले. पेरणी झालेली माणसं वर बघतात, न झालेली जमिनीकडे बघतात. वर्षाला पंचवीस-तीस इंच पाऊस पडला तर साल बरं गेलं म्हणायचं, असा हा मुलूख.

अशा गावातून तुम्ही पाऊस बघायला निघाला आहात, आणि तोही युरोपातला. हसू नका. एक बैलगाडी आणि दोन-तीन रेल्वेगाड्या एवढ्या अंतरावर पोर्तुगालचा एक प्रांत आहे. लिस्बनच्या सरकारनं १९५१ मध्ये घटना बदलली आणि आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ करून टाकलं. वसाहतच नाही, मग सोडायची कशी, असा तो कावा. तेव्हापासून गोवा कागदोपत्री पोर्तुगालचाच एक प्रांत. तिकडच्या मिन्यो प्रांतासारखाच हिरवा, पावसाळी, समुद्रकाठचा. फक्त लिस्बनहून बोटीनं काही आठवडे लांब, आणि भूमहून दोन-तीन दिवसांवर.

आधी पैशांचं बघा. घरात हाली नाणी अजून असतील. ती हैदराबाद राज्याच्या हद्दीत चालतात, पुढे कोणी हात लावणार नाही. सरकारनं भाव बांधून दिला आहे: सात हालीला सहा कलदार, म्हणजे भारत सरकारचे रुपये. बार्शीत कोणत्याही अडत्याकडे बदलून घ्या. गोव्यात तिसरंच नाणं आहे. तिथल्या रुपियाचे सोळा टांगे होतात, आपल्या रुपयाच्या सोळा आण्यांसारखे. किंमतही कलदाराइतकीच, म्हणून हिशेबाला डोकं लागत नाही. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि घोंगडी घ्या. खवा नेण्याचा मोह आवरा. त्या दमट हवेत तो दुसऱ्या दिवशी आंबेल.

बार्शीच्या वाटेवर एका ओढ्यापाशी गाडीवान बैल थांबवतो. “हितं करोडगिरीचं नाकं हुतं,” तो सांगतो. “पोतं उघडून बघायचे. गुळाच्या ढेपंवर बी पैसा.” तेव्हा बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात होती, भोवताली तिन्ही अंगांनी निजाम. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, धुमाकुळात भूम, परंडा, वाशीची माणसं रातोरात याच वाटेनं बार्शीकडे पळाली होती. गाडीवान ते सांगत नाही. तुम्हीही विचारू नका. पाच वर्षं हा काही फार मोठा काळ नाही.

बार्शीला छोटी गाडी उभी आहे. रुळांमधलं अंतर अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं १८९७ मध्ये हे बार्शी लाइट रेल्वेचं खटलं सुरू केलं, पुढे ते लातूरपर्यंत आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेलं. खासगी कंपनीची गाडी म्हणून हा तिचा शेवटचा पावसाळा: १ जानेवारी १९५४ ला सरकार ती ताब्यात घेणार आहे. डब्यात तुम्हाला बसायला जागा मिळणार नाही, कारण आषाढी तोंडावर आहे. बाकाखाली, दारात, पायरीवर वारकरी. जादा म्हणून जोडलेल्या मालडब्यांतही माणसं उभी. टाळ वाजतोय, तंबाखूची चंची फिरतेय, आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं तुमची चौकशी सुरू केली आहे.

“माउली, पंढरीला ना?”

“नाही, पुढं. गोव्याला.”

“आन् एकादशी?”

“तिकडंच.”

म्हातारा बराच वेळ तुमच्याकडे बघतो. पंढरपूर आलं की पूर्ण गाडी रिकामी होते, म्हाताराही उतरतो, आणि खिडकीतून तुमच्या हातात चुरमुऱ्यांच्या दोन मुठी कोंबतो. पंढरपूर ओलांडून पुढे जाणारा हा कसला करंटा, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. एकट्यानं बाक अडवून झोपा. मिरजेपर्यंत गाडी सायकलवाल्यालाही वाट देत चालते.

मिरजेत मोठ्या गाडीत बसा. मोठी म्हणजे मीटर गेज. बेळगावपर्यंत खिडकीबाहेर ओळखीचंच दिसत राहील: भुईमूग, ज्वारी, तंबाखू. बेळगाव सुटलं की माती तांबडी होऊ लागते. खानापूरच्या पुढे झाडं रुळांवर वाकलेली, आणि लोंढ्याला उतराल तेव्हा पाऊस लागलेला असेल. हा भूमचा पाऊस नव्हे. सर येते, थांबते, ऊन पडतं, मग पुन्हा सर, असा प्रकार इथं नाही. तो सकाळी लागलेला असतो, दुपारी लागलेला असतो, आणि रात्री तुम्ही कूस बदलता तेव्हाही लागलेलाच असतो. लोंढ्याचा हमाल डोक्यावर इरलं घेऊन निवांत बिडी ओढतोय. घोंगडी काढा.

कॅसलरॉक हे भारताचं शेवटचं स्टेशन. इथं आपले कस्टमवाले डबा तपासतात. जाताना फारसं नाही, येताना कसून. कारण उघड आहे: मुंबई राज्यात दारूबंदी, आणि पलीकडे दारू खुली. शिवाय आपल्याकडे आयातीवर बंधनं आहेत आणि गोव्यात स्वित्झर्लंडची घड्याळं, विलायती ब्लेडं, अत्तरं उघड्यावर विकतात. पासपोर्ट-व्हिसाची भानगड अजून नाही. प्रवासावरचे निर्बंध १९५४ पासून. पण हवा तापू लागली आहे. भारतानं ११ जून १९५३ ला लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. त्याला अजून दोन महिने झालेले नाहीत. तुम्ही वेळ बरोबर निवडली आहे. दोन वर्षांनी आलात तर ही वाटच बंद असेल.

आता घाट. पोर्तुगालच्या राजघराण्याच्या नावानं याला ब्रागांझा घाट म्हणतात. १८८८ मध्ये हा मार्ग सुरू झाला. चाळीस फुटांत एक फूट असा उतार, म्हणून गाडी खाली सोडताना ब्रेकची फार काळजी. वर येणाऱ्या गाडीला मागूनही इंजिन लागतं. बोगदा आला की डबाभर धूर, बोगदा संपला की डबाभर ढग. खिडकी बंद करावी तर कोंदट, उघडी ठेवावी तर मांडीवर पाणी. डब्यातल्या एका गोवेकर बाईनं खिडकी उघडीच ठेवली आहे आणि लेकराला मांडीवर घेऊन ती ‘आत्तां येतलो, पळय’ असं म्हणत बोट दाखवते आहे.

आणि मग तो येतो. दूधसागर. साधारण तीनशे दहा मीटर उंचीवरून मांडवी नदी टप्प्याटप्प्यानं खाली कोसळते, आणि रेल्वेचा पूल धबधब्याच्या मध्यावर, त्याच्या अंगालाच खेटून जातो. गाडी पुलावर येते आणि डब्यातलं बोलणं ऐकू येईनासं होतं. पाण्याचा फवारा एका खिडकीतून आत येतो, समोरच्या माणसाचा चेहरा पुसट होतो, तुमच्या दशम्यांचं फडकं भिजतं. खाली बघितलं तर तळ दिसत नाही, वर बघितलं तर माथा दिसत नाही. भूमच्या माणसाच्या मनात पहिला विचार काय येतो, तो मी सांगतो: हे सगळं पाणी चाललंय कुठं? समुद्रात. त्यावर तुम्हाला राग येईल. येऊ द्या, दुष्काळी भागातल्या माणसाचा तो हक्क आहे.

कुळेला उतरवतात. इथून पोर्तुगाल. फलाटावर टोपीवाला पोलिस, टेबलामागे आल्फांदेगचा, म्हणजे कस्टमचा, कारकून, आणि पुन्हा एक कागद, जो तुम्हाला वाचता येत नाही. पण या वेळी तो पोर्तुगीजमध्ये आहे. कारकून सावळा, नाव बहुधा फर्नांडिस किंवा कामत, घरी कोकणी बोलणारा. तो विचारतो, “तुमी खंयचे?” भूम सांगून उपयोग नाही. हैदराबाद म्हणा. कशाला आलात? देवदर्शनाला, माशेलला. हे खोटं नाही आणि त्याला ते पटतं.

या टेबलापाशी जरा रेंगाळा. तुमच्या बापजाद्यांनी शेताच्या वादात कचेरीबाहेर बसलेल्या उर्दू जाणणाऱ्या माणसाला पैसे देऊन अर्ज लिहून घेतले. इथला शेतकरीही तेच करतो, फक्त लिपी बदललेली. तुमच्याकडे सभा घ्यायची तर निजामाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागे. इथं १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहिया भर पावसात मडगावात बोलायला उभे राहिले ते नेमकी ती परवानगी झुगारूनच. त्यांना पकडून हद्दीबाहेर काढलं, आणि स्थानिक पुढाऱ्यांपैकी त्रिस्ताव ब्रागांझ कुन्यांना थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. गोव्याचे कार्यकर्ते बेळगाव-मुंबईत बसून काम करतात, जसे तुमचे बार्शीत बसून करायचे. गोव्याला ‘परदेश’ म्हणणाऱ्या पुणे-मुंबईच्या पाहुण्याला हे कळायला पुस्तक वाचावं लागतं. भूमच्या माणसाला लागत नाही. तो या टेबलापुढे पूर्वी उभा राहिलेला आहे.

सावर्डे गेलं की खाणींची लाल माती दिसते. लोहखनिज जपानला चाललं आहे आणि काही घरांत नवा पैसा येतो आहे. मडगावला खाणावळीत उकड्या तांदळाचा भात, खतखतं, तायकिळ्याची भाजी आणि सोलकढी. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून खाणाऱ्यांसाठी सुका बांगडा. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, टोपलीत गरम उंडे घेऊन येतो. एक घ्या, चटणीबरोबर छान लागतो. शेंगदाण्याची चटणी आणि गोव्याचा पाव ही जोडी कुणाला कशी सुचली नाही, याचं मला नवल वाटतं.

पणजीला जायचं तर कुठ्ठाळीला उतरून जुवारी लाँचनं पार करायची. पूल नाहीत, ना जुवारीवर, ना पणजीसमोर मांडवीवर. लाँचमध्ये माणसं, कोंबड्या, एक पाद्री आणि तुम्ही. पाद्री तुमच्या घोंगडीकडे आदरानं बघतो; भिजत नाही अशी वस्तू त्या लाँचमध्ये तेवढी एकच आहे.

पणजी एका फेरीत संपते. नदीकाठचा आदिलशाही वाडा, जिथं आता सरकारी कचेऱ्या. त्याच्याशेजारी आबे फारियाचा पुतळा, एका बाईवर दोन्ही हात रोखून तिला संमोहित करताना. मोहिनीविद्येचा हा जगप्रसिद्ध गोवेकर, पण १९४५ पासून तिथं उभा असलेला त्याचा पुतळा बघून लहान मुलं घाबरतात. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, पावसाच्या मारापुढे भिंतींना बांधलेली माडाची झापं, तळमजल्यावरच्या दुकानातून येणारा फेणीचा वास. राजकारण बोलू नका. बस्स, पुढे निघा.

पुढे म्हणजे रायबंदरकडे, आणि इथं खरंच थांबा. पणजी ते रायबंदर हा दगडी रस्ता व्हाइसरॉय लिन्यारिस यानं १६३०च्या दशकात पाण्यातून बांधून काढला. दोन्ही बाजूंना सपाट, ओली, हिरवी जमीन. तिला खाजन म्हणतात. ही शेतं खाडीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. भरती आली की समुद्राचं खारं पाणी शेतात शिरायला हवं, पण शिरत नाही, कारण मध्ये मातीचा लांबच लांब बांध आहे, आणि त्या बांधात ठिकठिकाणी ‘मानस’ आहे.

एका मानशीपाशी उकिडवे बसून बघा. दगडी चौकट, तिच्यात जाड लाकडी दारं. कडी नाही, चाक नाही, राखणदार नाही. ओहोटी लागते, आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा वर चढतं, त्याच्या दाबानं दारं खाडीच्या बाजूला उघडतात आणि शेतातलं पावसाचं पाणी साचलेला खार घेऊन बाहेर निघून जातं. भरती येते, बाहेरचं पाणी दारांना आत ढकलतं, दारं आपोआप मिटतात. दिवसातून दोनदा. शेतकरी घरी झोपलेला असला तरी. आषाढातला मुसळधार पाऊस हा इथं नुसता पाऊस नाही, तो जमीन धुण्याचं काम करतो. खार धुतला गेला की मग भात, आणि तोही कोरगुट जातीचा, जो थोडाफार खार सोसतो. मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की ओहोटीबरोबर कोळंबी येते. ती पकडण्याचा हक्क दरवर्षी लिलावात जातो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी होते. बांध गावकरीचा, म्हणजे गावातल्या मूळ घराण्यांच्या सामाईक संस्थेचा. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासूनचा. त्यांनी तिला ‘कोमुनिदाद’ नाव दिलं, कायदा केला, वह्या घातल्या. दारं उघडायची-मिटायची ती मात्र त्यांना न विचारताच.

तुम्ही आयुष्यभर बांध घातलात तो पाणी अडवून आत ठेवायला. इथला बांध पाणी बाहेर ठेवायला. चिखलात उभा असलेला एक कुणबी तुम्हाला विचारतो, तुमच्याकडे काय पिकतं? ज्वारी, तूर, करडई. तो विचार करतो आणि विचारतो, पाऊस किती? तुम्ही सांगता. तो हसत नाही. “मग पिता कितें?” एवढंच म्हणतो. आम्ही पितो काय, हा प्रश्न भूममध्ये उन्हाळ्यात दरवर्षी विचारला जातो, आजही.

जुनं गोवं वाटेवरच आहे. ओसाड राजधानी, गवतात बुडालेली मोठमोठी चर्चं. बॉं जेझूसच्या चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव. मागच्या डिसेंबरात, त्याच्या मृत्यूला चारशे वर्षं झाली म्हणून, ते दर्शनाला ठेवलं होतं. आज आत फक्त तुम्ही, एक झाडूवाली आणि छतावर पडणारा पाऊस. पुढे कुंभारजुव्याची खाडी ओलांडली की माशेल.

माशेलचा देव देवकीकृष्ण. मूळचा चोडण बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा भक्तांनी मूर्ती हलवली, आणि ती शेवटी इथं स्थिरावली. हे गाव नव्या काबिजादीत येतं, पोर्तुगीजांच्या हाती अठराव्या शतकात उशिरा लागलेल्या मुलखात, त्यामुळे इथं देवळं राहिली, मराठी भजनं राहिली, जत्रेतली मराठी नाटकंही राहिली. याच फोंडा भागातल्या मंगेशीत १९०० साली दीनानाथ मंगेशकर जन्मले.

एकादशीची रात्र भजनात जाते. अभंग तेच, जे बार्शीच्या गाडीत ऐकले. पेटी जरा सुरेल, टाळ तेवढे दणदणीत नाहीत. पण पोर्तुगालच्या एका प्रांतात, ज्याचा गव्हर्नर जनरल पणजीत बसून लिस्बनला तारा करतो, तिथं विठ्ठलाचा गजर चालला आहे आणि त्यासाठी कुणाचीही परवानगी काढलेली नाही.

दुसऱ्या दिवशी चिखलकालो. देवळासमोरचं मैदान पावसानं मऊ झालेलं. अंगाला तेल चोपडलेले पुरुष देवळातून प्रदक्षिणा घालून बाहेर येतात आणि सरळ चिखलात पडतात. लोळतात, एकमेकांना ओढतात, लहानपणीचे खेळ खेळतात. पन्नाशीचा गृहस्थ, बहुधा पेढीवरचा हिशेबनीस, डोळे बांधून आंधळी कोशिंबीर खेळतोय. वरून काही माणसं खाऊ फेकतात आणि सगळे त्यावर तुटून पडतात. कोणीतरी तुमच्या घोंगडीला हात घालतं. ती काढून ओसरीवर ठेवा आणि उतरा. ज्या माणसानं चिखल वर्षात आठ-दहा दिवसच पाहिला आहे, त्यानं या मैदानात संकोच करायचा नसतो.

आता परतायला हवं. किनाऱ्यानं नाही, पावसाळ्यात आगबोटी बंद. पुन्हा कुळे, पुन्हा दूधसागर, आणि कॅसलरॉकला पिशवी उलटी करून दाखवायची. तिच्यात कोकमं, एक काजूची पुडी आणि रुपियाची दोन नाणी निघतात. नाणी ठेवून घ्या. गोव्याचं हे चलन १९५८-५९ पर्यंत चालेल, तुमची हालीही १९५९ पर्यंतच.

हल्ली आपल्या भागातली पोरं डिसेंबरात गाडी करून गोव्याला जातात, किनाऱ्यावर बाटली घेऊन बसतात आणि गोवा पाहिला म्हणतात. त्यांना माझं सांगणं एवढंच: आषाढात जा, समुद्राकडे पाठ करा, रायबंदरच्या रस्त्यावर उतरा. मानशी अजून आहेत, काही दुरुस्तीवाचून मोडकळलेल्या. माशेलचा चिखलकालो अजून होतो. दूधसागराच्या पुलाजवळ मात्र गाडीतून उतरू नका, रेल्वेचे पोलिस पकडतात.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. भूम १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आलं, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. गोव्यात १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या आणि १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीजांनी शरणागती लिहून दिली. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून निघून नळदुर्गच्या वाटेनं निजामाच्या राज्यात शिरलेल्या फौजेचे सेनानी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी होते. गोव्याच्या कारवाईच्या वेळी लष्कराच्या दक्षिण विभागाचे प्रमुखही तेच होते.